बाबांनी जोडलेला अँटेना

गाडीला आपोआप वर-खाली होणारा अँटेना हवा, असं आमच्या घरात कोणीही कधी म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणायचे, हौस होती म्हणून भोगलं.

राज्य नुकतंच नवं झालं होतं आणि रायपूर त्याची राजधानी. भोपाळचे साहेब इकडे येत होते, इकडचे काही तिकडे परत जात होते. अशाच एका परत जाणाऱ्या साहेबांची जुनी गाडी आम्ही घेतली. चालवणारी मी. नवरा भिलाईच्या कारखान्यात, रोज रेल्वेने जाऊन-येऊन करणारा, त्याला सायकलच्या पुढे काही चालवता येत नाही. बूढापाऱ्याच्या आमच्या गल्लीत बाई गाडी चालवते आणि बुवा बाजूला बसतो, यावर लोकांनी चार दिवस बोलून घेतलं आणि मग सोडून दिलं. माझं ऑफिस नव्या राज्याबरोबरच घाईघाईने थाटलेलं, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. तिथलं आवार साहेब लोकांच्या गाड्यांनीच भरून जायचं, म्हणून आठवडाभर मी स्कूटरने जायची. गाडी निघायची ती फक्त रविवारी.

आणि रविवार बाबांचा असायचा.

आई गेल्यावर बाबा आठ दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आले होते. भाऊ नागपूरला. तो आणि वहिनी दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडायचे ते संध्याकाळी आठला परत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बाबा दिवसभर काय करणार होते, हे मला दिसत होतं. पण बाबांचं म्हणणं, म्हातारपणी राहायचं ते मुलाकडे. आता गंमत पाहा. आम्ही बौद्ध. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये वगैरे गोष्टींना बाबांनी जन्मभर भर सभेत भंकस म्हटलं होतं, रेल्वे कॉलनीत त्यावरून भांडणं केली होती. पण स्वतःवर वेळ आली तशी ते माझ्या घरात खुर्चीच्या कडेवर बसायला लागले. पंखा लावायच्या आधी विचारायचे. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचे. मी म्हणायची, "बाबा, इथंच राहा ना." ते म्हणायचे, "पाहू." महिन्यातून एकदा तरी "आता निघतो मी" व्हायचंच. मला बाबा माझ्याकडे हवे होते. आईच्या वेळी मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि बाबांच्या वेळी मला तसं होऊ द्यायचं नव्हतं. यात माझा शहाणपणा काही नव्हता, नुसता हट्ट होता.

त्यांना अडवून ठेवायचा एकच उपाय मला सापडला होता. घरात काहीतरी बिघडलेलं पाहिजे. मिक्सर झाला, इस्त्री झाली, पाण्याची मोटर झाली, शेजारणीचं शिलाई मशीनही झालं. मग दुरुस्त करायला काही उरेना. मी एकदा इस्त्रीची वायर मुद्दाम तोडावी का, असाही विचार केला होता. इतक्यात तो अँटेना आला. 

झालं असं, की साहेबांनी गाडी देताना तिच्यातला टेप काढून नेला होता, अँटेना मात्र पत्र्यात बसवलेला म्हणून राहिला. नवऱ्याने नवा टेप आणला, त्यात रेडिओही होता. दुकानदाराने टेप बसवला, स्पीकर जोडले आणि अँटेनाची वायर तशीच लोंबती ठेवली. म्हणाला, "दीदी, ये पुरानी मोटर है. नए टेप की पतली तार इसको नहीं चला पाएगी. बीच में रिले लगाना पड़ेगा."

मागच्या सीटवर बसलेले बाबा पहिल्यांदा ताठ झाले. "रिले? मी आहे ना."

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. डोंगरगड, राजनांदगाव, गोंदिया करत छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. रिले म्हणजे एक छोटा डबा. बारीकशा करंटच्या इशाऱ्यावर तो मोठ्या करंटची वाट उघडतो किंवा बंद करतो. स्टेशनमध्ये मास्तर बटण दाबतो आणि अर्ध्या मैलावर सिग्नल बदलतो, तो याच डब्यांच्या जिवावर. आम्हा भावंडांना लहानपणी गोष्टीतला राजा कमी आणि रिले जास्त ऐकायला मिळाला.

मला वाटलं, अर्ध्या दिवसाचं काम. बाबा कामाला लागतील, मला महिनाभर तरी "निघतो" ऐकावं लागणार नाही. माझंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की सदर गाडीचा अँटेना कामासाठी अमुक वेळेपासून तोडण्यात येत आहे, परवानगी असावी. सिग्नल खात्यात म्हणे कोणत्याही यंत्राला हात लावायच्या आधी मास्तरला असा मेमो द्यायचा असतो. त्याची सही झाल्याशिवाय पेचकस लावायचा नाही, आणि काम पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या मेमोवर सही होईपर्यंत ते यंत्र कोणी वापरायचं नाही. गाडी माझी, म्हणून मास्तर मी.

"बाबा, अँटेना आहे तो. त्याच्यानं कोणती एक्स्प्रेस पडणार आहे?"

"सही कर."

मी सही केली. त्या सहीने पुढचे तीन रविवार गाडी जागची हलली नाही. मी म्हणायची, अहो बाबा, मी रेडिओ लावत नाही, नुसती गाडी काढते. ते विचारायचे, "दुसरा मेमो झाला काय?" मी म्हणायची, नाही. "मग?" ते म्हणायचे आणि विषय संपायचा. नवऱ्याने यात माझी बाजू घ्यावी की नाही? तो म्हणाला, "बाबा बरोबर म्हणून राहिले. काम म्हणजे काम." आणि निवांतपणे पेपर वाचत बसला.

काम मात्र पाहण्यासारखं चाललं होतं, हे कबूल करते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. एक रिले रेडिओचं ऐकणार. बाकीचे दोन त्या पहिल्याचं ऐकणार आणि मोटरला कधी सरळ, कधी उलट फिरवणार, म्हणजे दांडी वर किंवा खाली. प्रत्येक वायरला नंबराची चिठ्ठी. काळी चिकटपट्टी गुंडाळणं त्यांना गचाळपणा वाटायचा, म्हणून सगळ्या वायरी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेल्या. सत्तरीचा माणूस डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून उताणा, पाय दारातून बाहेर गल्लीत. येणारा-जाणारा थांबून काय झालं म्हणून विचारायचा, "का होगे दीदी?" मी प्रत्येकाला सांगायची, कुछ नहीं, अँटेना. दिवसातून दहा वेळा.

एकदा त्यांनी मला बोलावून सगळं समजावलंसुद्धा. सिग्नलचा पहिला नियम, म्हणाले, की सगळं ठीक असताना करंट चालू राहिला पाहिजे. करंट आहे म्हणजे तार शाबूत आहे. तार तुटली, उंदराने कुरतडली, तर करंट जाईल, रिले सुटेल आणि सिग्नल लाल होईल. बिघाड लपून राहिला नाही पाहिजे. "इथंही तसंच केलं म्यां. दांडी खाली आहे तोवर रिले धरून राहील. तार तुटली का दांडी वर येईल, तुले लगेच समजेल." मी हो हो म्हटलं. माझी भाजी गॅसवर होती.

चौथ्या रविवारी चाचणी झाली. रेडिओ लावला, घुर्र आवाज करत दांडी वर आली. बंद केला, खाली गेली. बाबांनी हे वीस वेळा केलं. मग दुसरा मेमो आला, मी सही केली, आणि आम्ही अभनपूरच्या रस्त्याला निघालो. त्या रस्त्याच्या कडेने रेल्वेची छोटी लाईन जाते. बाबांना ती पाहायची असायची, तिचे सिग्नल पाहून मान हलवायची असायची. त्या दिवशी त्यांनी खिडकी पूर्ण खाली केली, न विचारता. नवऱ्याने टेपमध्ये कॅसेट घातली, म्हणजे अँटेनाचा काही संबंधच नव्हता, तरी दांडी वर होतीच. परतताना बाबा म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत तरी आहे मी इथं." मी गाडी चालवत होते म्हणून बरं, नाहीतर रडले असते.

पुढच्या रविवारी गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं कट्. नवरा आणि गल्लीतले दोघं मागून धक्का मारताहेत, मी स्टिअरिंगवर, आणि बाबा फुटपाथवरून सूचना करताहेत, "दुसऱ्या गेअरमध्ये टाक, क्लच हळू सोड." सुरू झाली. थंडीचे दिवस, आम्ही थंडीला नावं ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा कट्. आता बॅटरीला नावं ठेवली. बाबा म्हणाले, "जुनी झाली. बदलून टाक." बदलली. नवी कोरी बॅटरी, आणि सहाव्या दिवशी तीही ठार. साडी खोचून मी स्वतः धक्का मारायला उतरले, स्टिअरिंगवर गल्लीतल्या एकाला बसवून. बाबा म्हणाले, "आजकालच्या बॅटऱ्यांत दमच नाही." माझ्या नाकी नऊ आले होते. ही गाडी विकून टाका म्हणून मी तिथेच नवऱ्यावर ओरडले, जणू त्यानेच तिची हवा काढली होती.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी गाडीच्या मिस्त्रीला बोलावलं. बाबा तेव्हा तलावाला फेरी मारायला गेले होते. मिस्त्रीने बॅटरीची एक वायर काढली आणि मध्ये छोटा दिवा लावून पाहिला. गाडी बंद, चावी माझ्या हातात, तरी दिवा पेटला. कुठेतरी करंट खर्च होत होता. मग तो एकेक फ्यूज काढत गेला आणि शेवटी स्टिअरिंगच्या खाली बाबांनी बसवलेल्या फ्यूजपाशी पोचला. तो काढला, दिवा विझला. लावला, खट् आवाज झाला आणि दिवा पेटला.

"दीदी, ये किसने किया है?"

"क्यों?"

"काम तो एक नंबर है. ऐसा बाँधा हुआ मैंने कहीं नहीं देखा. पर ये दो रिले दिन-रात चालू हैं. खड़ी गाड़ी में बैटरी पी रहे हैं."

 भाजीकडे लक्ष ठेवून ऐकलेला तो नियम आता मला शब्दशः कळला. स्टेशनवर बॅटऱ्यांची वेगळी खोली असते. तिथे चार्जर रात्रंदिवस गुणगुणत असतो, लहानपणी मी तो आवाज ऐकला होता. तिथे रिले वर्षभर धरून ठेवा, काही बिघडत नाही. आणि आमची गाडी सहा दिवस नुसती उभी. छत्तीस वर्षांत एकही चुकीचा सिग्नल न दिलेल्या माणसाने माझी बॅटरी इमानदारीने रिकामी केली होती.

मिस्त्री म्हणाला, उलटं जोडून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. चिठ्ठ्या लावलेल्या त्या वायरींना दुसऱ्याचा हात लागलेला बाबांना एका नजरेत कळला असता. माझ्या घरात त्यांनी मनापासून केलेलं एक काम, आणि तेच चुकलं, हे समजलं तर ते पावसाळ्यापर्यंत कशाला थांबतील? म्हणून मी अक्कल चालवली. रविवारी फिरून आलं की गुपचूप तो फ्यूज काढायचा, ॲशट्रेमध्ये ठेवायचा, आणि पुढच्या रविवारी बाबा अंघोळीला गेले की परत लावायचा. फ्यूज काढला की रिलेही बंद, मोटरही बंद, दांडी खालीच. कोणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

चार आठवडे हे चाललं. गाडी एका चावीत सुरू व्हायला लागली. बाबा म्हणाले, "पाहा, नवी बॅटरी आता बसली." मी मूग गिळून मान हलवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. बाबा गाडीच्या बाजूने नुसते गेले तरी मी हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. आणि चीडही यायची. स्वतःच्या गाडीचा फ्यूज मी स्वतःच चोरत होते, तोही अशा अँटेनापायी, जो लावून कोणीच कधी रेडिओ ऐकत नव्हतं.

एक गोष्ट मी विसरले. सिग्नलवाला काम करून सोडून देत नाही. ठरावीक मुदतीने तपासणी करतो.

त्या बुधवारी ऑफिसातून आले तर बाबा अंगणात बसलेले, हातात रॉकेलचं फडकं. समोरच्या स्टुलावर तो फ्यूज.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टेपवाल्याने काढला असेल. त्यांनी विचारलं, "अन् ॲशट्रेत ठेवला?" मग मी खरं सांगितलं, मिस्त्री, दिवा, सगळं. स्टुलावरचा फ्यूज बोटांत फिरवत त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे. मी स्टेशनची बॅटरी डोक्यात ठेवली, गाडीची नाही. हे मले मान्य. पण तू मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट पाहुण्याले वाटते, बाई. म्हणून त्याच्यापासून झाकतेत." ते उठले. "ठीक आहे. सकाळच्या गाडीनं नागपूरले जातो मी."

मग माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. वर्षभराचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. मी म्हटलं, पाहुण्यासारखं कोण वागतंय? पंखा लावायला विचारता तुम्ही. ताट घासून ठेवता, जसं काही मी उद्या बोलून दाखवणार आहे. तीन रविवार माझी गाडी अडवून ठेवली तुमच्या त्या मेमोपायी. साडी खोचून धक्का मारला मी भर गल्लीत. नवी बॅटरी आणली, तिचंही वाटोळं केलं तुम्ही, वरून म्हणता दम नाही. भाजी जळत होती माझी, तुम्ही मला सिग्नलचा नियम सांगत होता. आणि जन्मभर लोकांना शिकवलं की मुलगा-मुलगी एक, मग माझंच घर तुम्हाला परकं का? ते काय फक्त भाषणापुरतं होतं?

शेजारीण भिंतीवरून पाहत होती. नवरा दारात बूट हातात घेऊन उभा होता, त्याला आत यावं की बाहेर थांबावं कळत नव्हतं. बापाला असं बोलायचं नसतं, हे मला बोलता बोलताच कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. 

बाबा पुन्हा खुर्चीवर बसले. या वेळी मागे टेकून बसले. बराच वेळ फडकं घडी करत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग आता माझं ऐक." ते म्हणाले. "तू भाजीत तेल लई टाकते. वरून साखर टाकते. भाजीत कोणी साखर टाकते का? वर्ष झालं, मी रोज गिळून राहिलो."

 इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्या हातच्या एकाही घासाला नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोलले?"

"तुले वाईट वाटलं असतं," ते म्हणाले, आणि आत जाऊन कोणाला न विचारता पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरी उलट्या जोडल्या, आता उभ्या गाडीत करंट लागायचा नाही अशा. नागपूरची गाडी गेली, त्यानंतरच्याही गेल्या. बाबा अकरा वर्षं माझ्याकडे राहिले, शेवटपर्यंत, आणि एकही भाजी त्यांनी निमूटपणे खाल्ली नाही.